कुत्र्याच्या पायाची किंमत

सोनिवलीत कुणी ‘परळला चाललोय’ म्हणालं की पुढचं विचारायची सोय नसते. परळ म्हणजे टाटा, परळ म्हणजे केईएम. बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये फायलींची पिशवी मांडीवर धरून बसलेली माणसं रोज दिसतात. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या घरातून परळला जो पेशंट निघाला, तो मात्र भाड्याच्या टेम्पोतून काटई रस्त्याने गेला, कारण तो कुत्रा होता. नाव शेरू. अल्सेशियनच्या वळणाचा, सातेक वर्षांचा, अंगाने थोराड. पुढच्या डाव्या पायाच्या मनगटाच्या जरा वर टणक सूज आली होती. एक्स-रेत हाडाचा कॅन्सर निघाला आणि तो पाय खांद्यापासून काढावा लागला.

मी ठाणे जिल्हा परिषदेच्या गुरांच्या दवाखान्यांत पट्टीबंधक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई लावत असताना जनावर धरून ठेवणं, हेच माझं काम. म्हणून शेरू घरी आल्यावर शेजारच्या वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. ‘काका, तीन पायांवर कसं जगायचं हो यानं?’ या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. पण त्याला जोडून दुसरा एक प्रश्न माझ्या मनात आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी बैलांचे खूर बांधले, म्हशींच्या कासा धुतल्या, शेळ्यांच्या मोडक्या पायांना बांबूच्या कामट्या लावल्या. कुत्र्याचा पाय कॅन्सरसाठी कापलेला एकदाही पाहिला नाही. का? चाकू नव्हता म्हणून? भूल नव्हती म्हणून? दोन्ही आपल्याकडे फार पूर्वीपासून होतं. नव्हती ती कुत्र्याच्या जिवाची किंमत.

ती किंमत एकदा सरकारने ठरवलीही होती. मुंबईत 1832 साली एका मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. कंपनी सरकारच्या काळात मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता, ठरावीक महिन्यांत पोलीस आणि त्यांनी लावलेली माणसं दंडुके घेऊन फिरत. त्या वर्षी मुदत जूनपर्यंत वाढवली. मारणाऱ्याला नगावर पैसे मिळत असल्यामुळे मोकाट कोण आणि पाळलेला कोण हे पाहण्याची त्याला गरज उरली नाही. लोकांच्या दारातून, अंगणातून कुत्री ओढून नेली गेली. 6 जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांचा ‘सगदीद’चा विधी आहे, आणि वेंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्याला काय शिक्षा, जखमी कुत्र्याची काळजी कशी घ्यावी, यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्या दिवशी कोट भागातल्या पारशांनी कुत्री मारणाऱ्यांना अडवलं, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही बंदात उतरले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या. शहरातल्या बड्या असामींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा मार्ग पुढे आला.

सरकारची भीती खोटी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा काही उपाय नव्हता. पाश्चरची लस यायला अजून 53 वर्षं होती. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस मी लहानपणी पाहिला आहे. पाण्याचा पेला पुढे केला की तो कसा करायचा, ते या वयातही डोळ्यांपुढून जात नाही. त्यामुळे त्या दंग्याकडे मी नुसता भूतदयेचा विजय म्हणून पाहत नाही. पण एक गोष्ट तिथे घडली, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिच्यातून आलं. ज्याच्यापासून कवडीचा फायदा नाही अशा जनावरालाही जगण्याचा हक्क आहे, असं या शहरातल्या माणसांनी उघडपणे, दुकानं बंद ठेवून, शिक्षा भोगून सांगितलं.

दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरपोळ काढली. गुजरातेत पांजरपोळी जुन्याच होत्या. मुंबईची ही भुलेश्वर-सी. पी. टँकच्या बाजूला उभी राहिली, तिच्या चेंबूरच्या जागेवरून तिथल्या भागाला आजही पांजरापोळ म्हणतात. तिथे म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं येत. चारा, पाणी, छप्पर मिळे. उपचार म्हणावा तर बेताचाच, कारण उपचार करणारी शिकलेली माणसंच नव्हती. घोड्यांसाठी शालिहोत्री होते, गुरांसाठी गावातले जाणते होते. कुत्र्यासाठी कुणी नव्हतं.

शिकलेली माणसं आली तीही घोड्यांसाठी. पुण्याला 1862 साली लष्कराची पशुवैद्यक शाळा सुरू झाली, ती घोडदळाच्या गरजेतून. मुंबईत 1874 साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांच्या छळाला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. ट्राममुळेच ती निघाली असं माझं म्हणणं नाही. पण ज्या शहरात घोडे आणि बैल दिवसभर माल आणि माणसं ओढत होते, तिथे खांद्यावर सडलेली जखम घेऊन जू ओढणारा बैल रोज डोळ्यांना दिसत असणार. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी या कामाला मोठी देणगी दिली आणि 1883-84च्या सुमारास परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याच आवारात 2 ऑगस्ट 1886 रोजी मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. ब्रह्मदेशात खेचरांच्या ‘सर्रा’ रोगावर काम केलेला हा माणूस, भारतातलं पशुवैद्यकाचं पहिलं नियतकालिक काढणाऱ्यांपैकी एक. 1891 साली ते वारले. पाचच वर्षं मिळाली, तेवढ्यात त्यांनी कॉलेजची घडी बसवून दिली.

म्हणजे परळला 1886 साली भूल होती, कारण क्लोरोफॉर्म 1847 पासून माणसांसाठी आणि लवकरच जनावरांसाठीही वापरात आला होता. करवत होती, टाके घालण्याचं ज्ञान होतं, शिकलेले सर्जन होते. त्यांच्यासमोर पाय मोडलेली जनावरं रोज येत होती. मग पाय कापून जनावर वाचवायचं का नाही?

घोड्याचं उत्तर शरीरातच आहे. चारशे-पाचशे किलोंचा प्राणी तीन पायांवर उभा ठेवला की उरलेल्या पायावर इतका भार येतो की त्या खुराच्या आतला भाग सुजून खूरच सुटू लागतो. म्हणून पाय मोडलेल्या घोड्याला गोळी घालत. बैलाचा पाय कापला तर तो जगेलही, पण नांगराला जुंपता येणार नाही, आणि दोन एकर भातशेतीच्या कुणब्याला बसून खाणारा बैल परवडत नाही. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर आणि चाळीस टक्के मागच्यांवर असतं, अंग हलकं असतं, पाठीचा कणा लवचीक असतो. एक पाय गेला तरी उरलेले तीन भार वाटून घेतात. या तिघांत पाय कापून ज्याला खरंच नीट जगवता येतं, ते जनावर म्हणजे कुत्रा. आणि नेमका त्याच्यावरच पैसा खर्च करायला कुणी तयार नव्हतं. ज्या जनावराच्या मोबदल्यात पैसे येत होते तिकडे औषध गेलं. हा कुणाचा दुष्टपणा नव्हता. बुळकांडीने गावंच्या गावं गुरांवाचून ओस पडत होती. पुण्याला 1889 साली निघालेली इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी अशाच साथींवरच्या संशोधनासाठी होती. कुत्रा रांगेत शेवटी होता, एवढंच.

माझ्या नोकरीच्या काळातही रांग तीच होती. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत आणि बुळकांडी यांच्या लशी टोचण्यात आमचा पावसाळ्याआधीचा सगळा वेळ जायचा. बुळकांडी देशातून हद्दपार झाली, 2011 साली जगातूनच संपली, आणि त्यात माझ्यासारख्या शेकडो पट्टीबंधकांचे हात आहेत, याचा मला आजही अभिमान आहे. कुत्रं दवाखान्यात यायचं ते जखमेत आसाडी पडली म्हणून. टर्पेन्टाइनचा बोळा आत घालायचा, अळ्या चिमट्याने काढायच्या, मलम भरायचं. लांब पाड्यांवर औषध नसलं की सीताफळाचा पाला ठेचून भरत, आणि त्याने अळ्या मरतही. पण पायावर गाठ आलेलं कुत्रं कुणी आणतच नसे. लंगडतंय तर लंगडू दे. फार तर हाडवैद्याकडून चोळून घ्यायचं, नाहीतर तापल्या सळईने डाग द्यायचा. डाग हा फक्त आपल्याकडचा अडाणीपणा समजू नये. विलायती पशुवैद्यही घोड्यांच्या पायांना तापल्या लोखंडाने डागत आणि त्यांच्या पुस्तकांत त्याची रीत दिलेली असे. हाडाच्या कॅन्सरवर मात्र या दोन्हीइतकं वाईट काही नाही. गाठीने आतून पोखरलेलं हाड चोळताना काडकन मोडतं.

दुसरीही एक गोष्ट होती. गावातलं कुत्रं म्हातारं होतच नव्हतं. पिसाळणं, डिस्टेंपर, रस्ता, उपासमार यांतून वाचून सात-आठ वर्षांचं झालं तर पुष्कळ. हाडाचा हा कॅन्सर, डॉक्टर ज्याला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात, तो बहुधा सात ते नऊच्या वयात येतो, आणि येतो तो मोठ्या चणीच्या कुत्र्यांना: ग्रेट डेन, रॉटवायलर, डॉबरमन, अल्सेशियन. आमच्या सोनिवलीच्या शेतांवर राखण करणाऱ्या हडकुळ्या गावठी कुत्र्यांत तो क्वचितच. उल्हास नदीच्या या काठाला भातखाचरं गेली आणि इमारती आल्या, त्यांच्याबरोबर मोठ्या जातीची कुत्री आली, त्यांना वेळच्या वेळी लशी मिळू लागल्या, ती म्हातारी होऊ लागली. कॅन्सर नवा नाही, तो दिसण्याइतकं जगणं नवं आहे.

परळचं महत्त्व इथे पुन्हा येतं. जनावरांच्या इस्पितळापासून जवळच 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथे गुडघ्याजवळच्या हाडाच्या कॅन्सरची वाढत्या वयातली मुलं येतात. मुलांचा तो रोग आणि कुत्र्याचा हा रोग इतके सारखे आहेत की औषधंही तीच. सिसप्लॅटिनचा गुण 1965 साली बार्नेट रोझेनबर्ग यांना अमेरिकेत जंतूंवर वीज सोडताना अवचित सापडला. 1978 साली ते माणसांसाठी मंजूर झालं, पुढे कार्बोप्लॅटिन आलं, आणि दोन्ही कुत्र्यांनाही दिली गेली. उलट्या दिशेनेही देणं झालं. कोलोरॅडोच्या विद्यापीठात स्टीफन विथ्रो आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकापासून कुत्र्यांवर पाय न कापता गाठ काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, त्यातून माणसांच्या सर्जनांना शिकायला मिळालं. मिफाम्युर्टाइड नावाचं औषध आधी आजारी पाळीव कुत्र्यांना देऊन पाहिलं आणि 2009 साली युरोपात ते माणसांसाठी मंजूर झालं. ज्या कुत्र्याची किंमत आठ आणे होती, त्याच्या आजारपणाने कुठल्या तरी मुलाचं आयुष्य वाढलं असेल. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो.

आता शेरूचं. ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, कारण हा कॅन्सर पहिल्यांदा फुप्फुसात जातो. तिथे काही दिसलं नाही. पण दहांतल्या नऊ कुत्र्यांत निदानाच्या वेळीच डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी पुढे गेलेल्या असतात, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, केमो दिली तर दहा-बारा महिने, पाचांत एखादं कुत्रं दोन वर्षं काढतं. घरातल्या थोरल्या मुलाने विचारलं, मग एवढं करायचं कशाला? डॉक्टर म्हणाले, दुखण्यासाठी. आतून पोखरलेलं हाड रात्रंदिवस ठणकतं. कुत्रं रडत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. पाय गेला की ते दुखणं गेलं.

घरी आला तेव्हा वहिनींना तो पाहवेना. पाय गुडघ्यापाशी कापतील असं त्यांना वाटलं होतं. इथे खांद्याच्या फऱ्यासकट सगळा पाय गेला होता, तासलेल्या कातडीवर टाक्यांची लांब रांग. त्यांना समजावलं की थोटूक ठेवलं तर कुत्रं ते टेकवायला बघतं आणि तिथे कायमची जखम होते. मग कामाला लागलो. घरात गुळगुळीत लाद्या. तीन पायांच्या कुत्र्याला लादीइतका मोठा शत्रू नाही. एकदा घसरलं की पुन्हा उठायला घाबरतं. आम्ही गिरणीवरून गोणपाट आणले आणि त्याच्या अंथरुणापासून दारापर्यंत अंथरून कडा चिकटपट्टीने बसवल्या. नखं कापली, पंजाच्या गाद्यांमधले केस कापले. जुनी चादर लांब घडी करून छातीखालून घातली आणि दोन्ही टोकं वर धरून त्याला लघवीला नेलं. उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा. उभं त्याचं त्यालाच राहू द्यायचं. पहिल्या दिवशी तो थरथरत उभा राहिला आणि पडला. पुढच्या दोन-तीन दिवसांत चादर सैल पडू लागली. आठवड्याच्या आत तो उड्या मारत दारापर्यंत जायला लागला, आणि तेव्हा आम्हाला त्याला आवरावं लागलं.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची भोंग्यासारखी कॉलर होती. जेवणाचं भांडं पाटावर ठेवलं, म्हणजे एकाच पुढच्या पायावर वाकावं लागू नये. टाक्यांखाली पाणी साठून मऊ फुगवटा आला तेव्हा घर हादरलं. ते पुष्कळदा होतं, आपणहून जिरतं, पण लाल झालं, गरम लागलं, वास आला तर डॉक्टर. रात्री तो अचानक दचकून गेलेल्या पायाच्या जागेकडे बघून केकाटायचा. माणसांसारखंच कुत्र्यांनाही नसलेला पाय दुखत असावा. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळी गोळी दिली आणि ते कमी झालं. या गोळ्यांच्या बाबतीत मी सगळ्यांत कडक राहिलो. घरातल्या कुणी प्रेमापोटी माणसांची ब्रूफेन किंवा क्रोसिन दिली तर कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड, यकृत जातं. जनावराला दिलेलं वेदनाशामक किती दूरवर मारू शकतं, हे आमच्या खात्याला गिधाडांनी शिकवलं आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने मेलेली गुरं खाणारी गिधाडं संपत आली, तेव्हा 2006 साली ते जनावरांसाठी बंद झालं आणि आम्ही मेलॉक्सिकॅमवर आलो.

वजनावर मात्र घरात रोज वाद. दुखणाईत म्हणून आजी त्याला दूधभात, चपातीला तूप. मी म्हणायचो, आजी, याला तुमचं प्रेम तीन पायांवर वाहायचंय. शेवटी त्यांनी ऐकलं. केमोच्या सलाइनसाठी तीन-तीन आठवड्यांनी परळ. दरवेळी आधी रक्ततपासणी, कारण पांढऱ्या पेशी उतरतात. नंतरचे काही दिवस त्याची लघवी-शी हातमोजे घालून उचलायची, लहान मुलांना लांब ठेवायचं. वहिनींनी हे सगळं न कंटाळता केलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकी नीट शुश्रूषा फार थोड्या ठिकाणी पाहिली.

मला राहून राहून वाटतं, आपल्या इतिहासात या मायेची उदाहरणं नव्हती असं नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने राजाला वाचवलं अशी कथा सांगतात. राजाने कुत्र्याला समाधी दिली. पण जिवंतपणी आजारी कुत्र्याला वेळेवर उपचार मिळणं, ते सुद्धा साध्या घरातल्या, ही गोष्ट आपल्या पिढीत आली. 2024 साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाच मजली लहान प्राण्यांचं इस्पितळ सुरू झालं. बाई साकरबाईंच्या इस्पितळाला तोवर 140 वर्षं झाली होती. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर मिळून लाखो माणसं आणि हजारो कुत्री या पट्ट्यात राहतात, आणि अवघड शस्त्रक्रियेसाठी अजून मुंबईच गाठावी लागते.

शेरूचे केमोचे डोस पूर्ण झाले आहेत. छातीचा शेवटचा एक्स-रे स्वच्छ आला. सकाळी वहिनी त्याला नदीकडच्या रस्त्याने थोडं फिरवून आणतात. लांब नेत नाहीत, उरलेल्या खांद्यावर ताण येतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे मोठ्या जातीचं कुत्रं असेल तर एवढं ऐका. ते लंगडत असेल आणि आठ-पंधरा दिवसांत थांबलं नाही, किंवा खांद्यापाशी, मनगटावर, गुडघ्याजवळ टणक सूज लागली, तर चोळू नका, डाग देऊ नका, घरातली गोळी देऊ नका. एक्स-रे काढा. आणि आपल्या नगरपालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे एक मागणी लावून धरा: या पट्ट्यातल्या एका तरी गुरांच्या दवाखान्यात जनावरांसाठी एक्स-रे मशीन हवं.